देवळात देव नाही, आणि दरजांत चुना नाही

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा स्टाऊरहेडला तळ्याकाठचं घुमटाचं मंदिर पाहिलं. गाभारा नाही, घंटा नाही. मग ते कुणाचं? आणि इथे मळ्यातल्या आमच्या जुन्या दगडी छत्रीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, रिकाम्या झाल्यात. गवंडी सिमेंट भरू म्हणतो. भरावं का?
– एक वाचक, वाई

उत्तर : ते देऊळ नव्हेच, बागेतला देखावा आहे. हेन्री होअर या बँकवाल्या धनिकाने दरीत बांध घालून तळं केलं आणि काठाने रोमन धाटणीची मंदिरं उभारली. तुम्ही पाहिलेलं पँथिऑन १७५३-५४चं, वास्तुकार हेन्री फ्लिटक्रॉफ्ट. आत हर्क्युलिसचा संगमरवरी पुतळा आहे, पण त्याला हळदकुंकू नाही. समोरच्या काठावरच्या फ्लोराच्या (रोमन फुलदेवीच्या) मंदिरातून पाण्यापलीकडे पँथिऑन दिसावं, एवढंच त्याचं काम. तुमच्या वाईचा ढोल्या गणपती कृष्णेच्या पैलतीरावरून दिसतो तसंच, फक्त स्टाऊरहेडला कुणी हात जोडत नाही. ग्लॉस्टरशरच्या सेझिनकोटला तर बागेत सूर्याचं मंदिर आणि पुलावर नंदी आहेत. पूजा तिथेही नाही.

आता छत्री. सिमेंट भरू नका. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे भिंतीतली ओल दरजेतूनच बाहेर पडते. तिथे सिमेंटचा कडक बोळा बसला की कडेने केसासारखी भेग पडते, पाऊस आत शिरतो, बाहेर येत नाही आणि आतला भराव सुटतो. मग दगड पुढे येतात. दगडावर पांढरा लोणा (क्षारांचा थर) दिसला तर ही सुरुवात समजा.

आधी पिंपळाचं रोप बघा. उपटू नका, मुळाबरोबर दगड हलतो. बुंध्याशी कापून मूळ मारा. दरजा छिन्नीने उकरा, ग्राइंडर लावला तर घडीव कडा जातात. रुंदीच्या दुप्पट, निदान इंचभर खोल. धूळ झाडून पाणी मारा. १ भाग भिजवून मुरवलेला चुना, १ भाग विटांची सुरखी (भुकटी), २ भाग धुतलेली जाडसर वाळू. घट्ट मळा; पातळ झाला तर आकसून तडकतो. दाबून भरा, पण दगडाच्या चेहऱ्यावर फासू नका, दरज किंचित आतच ठेवा. वर ओलं गोणपाट, आठ-दहा दिवस. इथेच गवंडी कंटाळतात. घाईने वाळलेला चुना नखाने खरवडला की पीठ होतो. तसं झालं तर तेवढा भाग काढून परत भरा. काम पाऊस संपल्यावर धरा, मे महिन्यात नको.