मालक सोप्यात का झोपतात?

"आक्का, माझं वय 59, मालकांचं 66. साखर कारखान्यातून निवृत्त झाले. तरुणपणी तालमीत अंग घुसळलेला माणूस, बीपीची गोळी सोडली तर कधी औषध माहीत नाही. दोन वर्षं झाली, रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात. आत गेले की लवकर बाहेर येत नाहीत. जोतिबाची यात्रा सोडली. भाचीच्या लग्नाला इचलकरंजीला जायचं ठरलं होतं, ऐनवेळी अंग दुखतंय म्हणाले. दुपारनंतर पाणी पीत नाहीत. आता तर अंथरूण उचलून सोप्यात झोपायला लागलेत. माझ्याशी धड बोलत नाहीत, माझंच काही चुकलं की काय कळेना. डॉक्टरचं नाव काढलं की 'वय झालं की असंच असतंय' म्हणतात. ऑपरेशन केलं की पुरुषपण जातं, असं कुणीतरी डोक्यात भरवलंय. कुठल्या तंबूतून जडीबुटीची पूड आणून घेतायत. मोतीबिंदूचं ऑपरेशन पण पुढं ढकललंय. पोराला सांगायची लाज वाटते. आणखी एक, महिनाभर झालं, कधी कधी त्यांची चादर ओली असते. सून उठायच्या आत मी धुऊन टाकते."
— एक बहीण, कसबा बावडा

ताई,

पत्राच्या अगदी शेवटी 'आणखी एक' म्हणून तुम्ही जे लिहिलंत, तिथूनच सुरुवात करते. बाकीच्या गोष्टींना आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे चालले असते. चादरीच्या गोष्टीला चालणार नाही.

पावसाळ्यात आपण सगळे राधानगरीच्या बातमीकडे कान लावून बसतो. धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि जादाचं पाणी बाहेर पडतं. म्हणून काय धरण रिकामं झालं असं आपण म्हणत नाही. काठोकाठ भरलंय म्हणूनच ते वाहतंय, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुमच्या मालकांच्या बाबतीत तसंच होत असण्याची मोठी शक्यता आहे. लघवीची पिशवी कधी पूर्ण रिकामी होतच नाही, दिवसभर शिल्लक साठत राहते आणि झोपेत आवर सुटला की वरचं वर सांडतं. बघणाऱ्याला वाटतं, लघवीवर ताबा राहिला नाही. आत मात्र ती तुंबलेली असते.

यातली सगळ्यात फसवी बाब म्हणजे हे दुखत नाही. एकाएकी लघवी अडली तर माणूस कळवळतो, घरातले रात्रीच गाडी काढतात. पण महिनोन् महिने हळूहळू तुंबत गेली तर पिशवी ताणत जाते आणि त्या ताणाची सवय होते. मागचा दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोचतो आणि तीही गुपचूप खराब होऊ लागतात. चादर ओली व्हायला शुगर वाढणं किंवा नसांचा त्रास अशी दुसरीही कारणं असू शकतात, पण त्यातलं एकही घरी बसून ठरवण्यासारखं नाही. तेव्हा ताई, याच आठवड्यात दाखवा. मधे पाय सुजले, उलट्या होऊ लागल्या, सारखी गुंगी येऊ लागली, थंडी वाजून ताप भरला, किंवा लघवी पूर्ण थांबून ओटीपोट फुगलं, तर आठवड्याचीही वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.

आता 'वय झालं की असंच असतंय' याबद्दल. मालक निम्मं खरं बोलतायत. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती साधारण 20 ग्रॅमची. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. चाळिशीनंतर ही ग्रंथी वाढू लागते, साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांमध्ये ती वाढलेली असते आणि ऐंशीनंतर तर बहुतेकांमध्ये. नळी दाबली गेली की धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मधेच तुटते, शेवटी थेंब थेंब येत राहते, आणि जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटतं. आत गेले की लवकर बाहेर येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. बिचारे तिथे धार सुरू व्हायची वाट बघत उभे असतात. ग्रंथी वाढणं वयाचं, हे मान्य. त्यामुळे होणारा त्रास सोसत बसणं वयाचं नाही. मोतीबिंदूही वयानंच येतो, म्हणून आपण आंधळं राहायचं ठरवत नाही.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि या वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही. मालकांच्या मनात ही भीती असणार, बोलत नसले तरी. पण प्रोस्टेटचा कॅन्सरही याच वयात होतो, सुरुवातीला बहुधा काही त्रास देत नाही, म्हणून डॉक्टर पीएसए नावाची रक्ततपासणी सुचवतात. तिचा आकडा 4 च्या वर गेला की लोक घाबरून अर्धमेले होतात. नुसती ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी काढायला नुकतीच बाहेरून नळी घातलेली असली, तरी हा आकडा चढतो. तो चढलेला दिसला तर पुढे आणखी तपासायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमचा खरा प्रश्न: न जाणाऱ्या माणसाला न्यायचं कसं? माझा अनुभव असा, की पुरुष दवाखान्याला भितात ते तिथं काय होणार हे कुणी सांगत नाही म्हणून. तालमीत समोरचा पैलवान दिसतो तरी. म्हणून तिथं काय होतं ते नीट सांगते, हा भाग त्यांना वाचून दाखवा.

लघवीच्या विकारांचे तज्ज्ञ म्हणजे युरॉलॉजिस्ट. ते आधी बोलतात. बहुतेक ठिकाणी सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. गेल्या महिन्यात रात्री किती वेळा उठलात, धार बारीक वाटली का, जोर द्यावा लागला का, असले साधे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण 35. सातपर्यंत सौम्य त्रास, एकोणीसपर्यंत मध्यम, वीस आणि त्यापुढे तीव्र. मग लघवीची आणि रक्ताची तपासणी. त्यात शुगर, आणि मूत्रपिंडं नीट चालतायत का हे सांगणारं क्रिएटिनिन. पोटाची सोनोग्राफी दोनदा होते, एकदा पिशवी भरलेली असताना आणि एकदा लघवी करून आल्यावर. शिल्लक किती राहते ते दुसऱ्या वेळी कळतं, आणि तुमच्या घरच्या बाबतीत तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. कधी कधी एका यंत्राच्या भांड्यात लघवी करायला सांगतात. दार लावून, एकट्यानं. सेकंदाला किती मिलिलिटर धार येते ते यंत्र मोजतं. दहाच्या खाली आली तर अडथळ्याची शंका बळावते.

आणि बोटाची तपासणी. हिच्याच लाजेनं निम्मे पुरुष घरी बसतात, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. कुशीवर झोपवतात, डॉक्टर हातमोजा घालून, जेली लावून गुदद्वारातून बोटानं ग्रंथी चाचपतात. ग्रंथी मऊ आहे की कडक, गाठ लागते का, हे त्यातून कळतं. अवघडल्यासारखं वाटतं, पण अर्ध्या-एक मिनिटात संपतं. तुम्हाला तेव्हा खोलीत थांबायची गरज नाही, बाहेर बसा. या खोलीत रोज हेच चालतं, मालक तिथले पहिले नसतील.

जाण्याआधी दोन दिवस एक जुनं मापाचं भांडं द्या आणि वहीत लिहायला सांगा. किती वाजता, किती झाली, पाणी-चहा किती घेतला. तेवढंही नको म्हणाले तर वहीसाठी अडून बसू नका, तसेच घेऊन जा. बीपीची गोळी कुठली आणि कधी घेतात तेही दाखवा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्या संध्याकाळी घेतल्या की रात्र खराब होते. वेळ बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही मनानं बदलू नका. पाणी तोडणं मात्र आजपासून थांबवा. कमी पाण्यानं लघवी दाट होते, जळजळते, संसर्ग आणि मुतखड्याला वाट मिळते. दिवसभर नीट पिऊ दे, झोपण्याआधी दोन-तीन तास हात आखडता घेऊ दे, आणि रात्रीचा चहा बंद.

तंबूतली पूड आजच बंद करा. तिच्यात काय कुटलंय हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही, आणि मूत्रपिंडांवर आधीच दाब असेल तर असल्या प्रयोगाला तिथं जागा नाही. ती पुडी टाकू नका, डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. सर्दी झाली तर दुकानातून आपल्या मनानं सर्दीची गोळीही आणू नका. त्यातल्या काही औषधांनी अशा माणसाची लघवी एकदम अडते.

पुरुषपणाचं. ताई, मला वाटतं अंथरूण सोप्यात जायचं मूळ इथं आहे. आधी हे ऐका, की कैकांना ऑपरेशन लागतच नाही. ग्रंथीचे स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या असतात, त्यांनी काही दिवसांतच धार सुधारते. ग्रंथी आक्रसवणाऱ्या वेगळ्या असतात, त्यांचा पुरता गुण यायला सहा महिने लागू शकतात, आणि त्यांनी पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून पुढची तपासणी करणाऱ्याला त्या सांगाव्या लागतात. सैल करणाऱ्या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या डॉक्टरांनाही ही गोळी चालू आहे, किंवा होणार आहे, हे आधी सांगायलाच हवं. टॅमसुलोसिनसारख्या गोळीनं ऑपरेशनच्या वेळी डोळ्याची बाहुली नीट मोठी राहत नाही. डॉक्टरांना माहीत असेल तर ते तयारीनं बसतात.

पण लघवी खरंच तुंबत असेल, मूत्रपिंडावर परिणाम दिसला, तर आधी काही दिवस नळी आणि मग ऑपरेशन, असं डॉक्टर सुचवू शकतील. बहुतेकदा पोट फाडत नाहीत. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून अडथळा करणारा भाग काढतात, विजेच्या तारेनं किंवा लेझरनं. त्यानंतर बऱ्याच जणांचं वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. 'पुरुषपण जातं' या अफवेचा उगम इथला आहे. इच्छा राहते, ताठरताही बहुतेकांची पूर्वीसारखीच राहते. थोड्या जणांना अडचण येते, हे मी लपवणार नाही. मालकांनी हा प्रश्न डॉक्टरांना तोंडावर विचारावा. हा प्रश्न तिथं रोज विचारला जातो.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असणारच. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत केसपेपर काढून सुरुवात करता येते. खाजगीत जायचं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतलं रुग्णालय बघा. तिथं आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड, आधारकार्ड दाखवून, ऑपरेशन लागलं तर ते योजनेत बसतं का, हे आधी विचारून घ्या.

पोराला सांगा, ताई. बापाचं क्रिएटिनिन वाढलं असेल तर ते त्याला दवाखान्यात कळण्यापेक्षा आज तुमच्या तोंडून कळलेलं बरं. सुनेला सगळं सांगायची गरज नाही. सकाळी अंधारात चादर धुण्याचं काम मात्र तुम्ही एकटीनं करू नका. त्यात मालकांची अब्रू राखली जातेय असं तुम्हाला वाटतं, आणि 'हिला कळलंय, पण ही बोलत नाही' या ओझ्याखाली ते आणखी लांब जातायत. तुमचं काही चुकलं नाही. शेजारी झोपून चादर ओली होईल या धास्तीनं माणूस सोप्यात गेला, असंच मला तुमच्या पत्रात दिसतं.

बोलायचं कधी? सकाळी घाईत नको, पोरं-नातवंडं असताना नको. रात्री जेवणं झाली, घर शांत झालं की सोप्यात जाऊन त्यांच्या अंथरुणाशेजारी बसा. 'दवाखान्यात चला' हे पहिलं वाक्य नको. म्हणा, "चादर ओली होते ते मला माहीत आहे. मला त्याची किळस येत नाही, काळजी वाटते." मग थांबा. ते चिडतील, विषय बदलतील, कदाचित उठून जातील. जाऊ दे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसा.

डॉक्टरांच्या त्या कागदावर सात प्रश्नांच्या खाली आठवाही एक असतो. त्याचे गुण त्या 35 मध्ये धरत नाहीत. आहे हा त्रास असाच आयुष्यभर राहिला तर तुम्हाला कसं वाटेल, असा तो प्रश्न. तोच तुम्ही त्यांना विचारा. जोतिबाला जायचं नाही, भाचीच्या लग्नाला जायचं नाही, तहान लागली तरी पाणी प्यायचं नाही, हे असंच चालू द्यायचं का? उत्तर ते देतील, घाई करू नका. आणि त्याआधी, उद्या सकाळीच, पोराला डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवायला सांगा.

— तुमची आक्का