आईला मागे बसवून साडेतीन पीठं

ताई, मी ३२ वर्षांची, नाशिकला नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशांनी बुलेट घेतली तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आता ती ६१ची आहे आणि म्हणते, साडेतीन शक्तिपीठं तुझ्याच गाडीवरून करायची. दादा कार द्यायला तयार आहे, पण तिला कार नको. बाबा म्हणतात, हे काय वय आहे का? तिचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, आणि दोन्हीकडे पाय टाकून बसायला ती तयार नाही. शिवाय नऊ-दहा दिवस आम्ही दोघीच म्हणजे माझ्या लग्नाचा विषय निघणारच. मला तिला न्यावंसं वाटतं, पण वाटेत काही झालं तर घरचे मला कधी माफ करणार नाहीत. काय करू?

— एक वाचक, नाशिक

तिला ने.

त्या दोन दिवसांच्या अबोल्याचं तू एका ओळीत उरकलंस, मी मात्र तिथेच थांबले. ज्या गाडीपायी आई तुझ्याशी बोलली नाही, त्याच गाडीवर आज ती तुझ्या मागे बसायला मागते आहे. दादाची कार आयती दारात असताना! हे मागायला तिला तीन वर्षं लागली असतील. नाही म्हणालीस तर पुन्हा कधी मागणार नाही ती.

पण एका बाबतीत तिचं अजिबात ऐकू नकोस. पाय दोन्हीकडे टाकूनच बसायचं. माझी थोरली बहीण जन्मभर एका बाजूला बसली. एकदा खड्डा चुकवायला भावोजींनी गाडी झटकन वळवली आणि ती घसरून रस्त्यावर. भावोजींना कळलं ते वीस पावलं पुढे गेल्यावर. तिचं मनगट अजून थंडीत ठणकतं. आईला लाज वाटत असेल, तर गुढीपाडव्याला गिरगावात नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या बायकांचे फोटो दाखव. आपली काष्ट्याची साडी घोड्यावर बसायलाही चालत होती. तरी प्रवासात पंजाबी ड्रेसच बरा, आणि ओढणी नको. साडी पिशवीत घ्या, भक्तनिवासात उतरलात की नेसून दर्शनाला जा. तिची खरी अडचण बहुधा तीच असेल, देवीसमोर ड्रेसमध्ये कसं उभं राहायचं.

सगळी यात्रा एकदम ठरवू नका. अर्धं पीठ आधी करा. वणीचा गड तुमच्यापासून ६०-६५ किलोमीटरवर. सकाळी निघून संध्याकाळी परत. वर जायला ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्यांचा हिशेब त्यात धरू नकोस, फक्त गाडीवर बसून गुडघे काय म्हणतात ते बघ. घरी आल्यावर नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी विचार. आया त्याच दिवशी कधी खरं सांगत नाहीत.

ते जमलं तर मोठा फेरा. नाशिक, पुणे, कोल्हापूर, मग सोलापूरवरून तुळजापूर, पुढे लातूर-नांदेड करत माहूर. येताना पुसद, जालना, संभाजीनगर. दीड हजार किलोमीटरच्या वर जातं. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा तो वेळ धरू नकोस. दिवसाला दोन-सव्वादोनशेच्या पुढे जायचं नाही, आणि दर पाऊण तासाने थांबून तिला चार पावलं चालवायचं. नवरात्र ते कोजागिरी टाळा, तेव्हा रस्त्यावर ज्योती घेऊन धावणारी पोरं आणि तुळजापूरला पायी निघालेली माणसं असतात. त्यानंतर थंडी पडते, हवा छान, पण उसाचा हंगाम सुरू होतो. कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्काम, हा नियम कुणासाठीही मोडू नकोस. दोघींच्या वजनाप्रमाणे टायरमधली हवा आणि मागचे शॉकअप निघण्याआधी मेकॅनिककडून बघून घे.

बीपीचं डॉक्टरांना विचारा, आणि नेमकं विचारा. काही गोळ्यांनी लघवीला जास्त होतं. मग प्रवासात आपण बायका काय करतो? गोळी चुकवतो, नाहीतर पाणीच पीत नाही. आई तुला हे सांगणार नाही. तूच प्रत्येक पेट्रोल पंपावर गाडी थांबव आणि 'मला जायचंय' म्हण.

आता लग्नाचा विषय. हेल्मेटमधून बोलायचं ते ब्लूटूथचं यंत्र कुणी सुचवलं तरी घेऊ नकोस. रस्त्यावर तुमच्यात फक्त तिचा हात असू दे. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. बोलणं चहाला थांबलात की. आणि निघण्याआधीच तिला सांग, 'आई, लग्नाचं एकदा नीट बोलू, पण एकाच संध्याकाळी, आणि त्या दिवशी मी सगळं ऐकून घेईन.' कबूल केलंस की ऐकून मात्र घ्यायचं, मध्ये तोडायचं नाही. कदाचित तिला लग्नाचं नव्हे, तुझ्या एकटेपणाचं विचारायचं असेल. तुलाही तिला काही विचारायचं असेल. विचार.

बाबांच्या बोलण्यात काळजी आहे आणि 'माझ्या जेवणाचं काय' हेही आहे. दुसऱ्यासाठी डबा लावून दे. पहिल्यासाठी रोज मुक्कामाला पोचलात की आईनेच फोन करायचा, तू नाही. तिच्या आवाजावरून त्यांना जे कळेल ते तुझ्या दहा मेसेजांनी कळणार नाही.

राहिली तुझी भीती, काही झालं तर घरचे माफ करणार नाहीत ही. ती जायची नाही, आणि जाऊही नये, तीच तुला अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचवेल. मात्र निर्णय एकट्या तुझ्या अंगावर घेऊ नकोस. दादा आणि बाबांसमोर आईलाच बोलू दे, 'मला जायचंय.' ६१ वर्षांच्या बाईचं म्हणणं तिच्या लेकीने का मांडायचं?

या रविवारी तिला हेल्मेटच्या दुकानात घेऊन जा. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, आणि तुझं जुनं तिला होणार नाही. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून जाताना तिची वेणी घाल, मानेलगत, सैलसर. पट्टा हनुवटीखाली तुझ्या हाताने लावून बघ. वणीहून आलात की गुडघ्यांचं कळव.