टाकी फुल केली की इंजिनचा दिवा लागतो

प्रश्न : माझी बीएस-६ पेट्रोल हॅचबॅक आहे. टाकी फुल केली की पंपावरच गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो आणि मग दोन-तीन मिनिटं इंजिन थरथरतं. आता इंजिनचा पिवळा दिवाही लागलाय. इंटरनेटवर सगळे टाकीचं झाकण बदला म्हणतात. ते बदललं, पण फरक नाही. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : झाकणाचा सल्ला अमेरिकेतल्या गाड्यांसाठी बरोबर आहे, तुमच्या गाडीला तो क्वचितच लागू पडेल. तिथल्या नियमांनुसार टाकीतून वाफ गळते का, हे गाडीचा कॉम्प्युटर स्वतः तपासतो. आपले बीएस-६चे नियम युरोपच्या धर्तीचे आहेत. त्या पद्धतीत वाफेच्या यंत्रणेपैकी पर्ज व्हॉल्व्हचं (टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणाऱ्या झडपेचं) वायरिंग शाबूत आहे ना, एवढं पाहिलं तरी चालतं. म्हणून झाकण सैल राहिलं तरी इथल्या बहुतेक गाड्यांना पत्ताच लागत नाही.

तुमची लक्षणं पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकल्याची आहेत. पेट्रोल आत येतं तशी टाकीतली वाफ ढकलली जाते आणि कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठते. इंजिन तापलं की पर्ज व्हॉल्व्ह टिकटिक करत थोडा थोडा उघडतो आणि ती वाफ इंजिनकडे सोडतो. तो नीट मिटत नसेल, तर स्टार्टर मारताक्षणी ताज्या भरलेल्या डब्यातली वाफ इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवेच्या वाटेत, ओढली जाते. इंजेक्टरचं पेट्रोल येत असतंच, त्यात ही भर. मिश्रण इतकं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, होतं की प्लगला ते पेटवता येत नाही. इतर वेळी डब्यात वाफ कमी असते, त्यामुळे गॅरेजमध्ये नेलेली गाडी अगदी ठणठणीत वाटते.

तपासणी सोपी आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करा. पर्ज व्हॉल्व्ह इनटेक मॅनिफोल्डजवळ असतो. कॅनिस्टरकडून येणारी नळी त्यावरून काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. थंड इंजिनवर तो बंदच असायला हवा. बोट खेचलं गेलं तर व्हॉल्व्ह गळतोय. दुसरा पुरावा स्कॅनरवर मिळतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला साधा ब्लूटूथ स्कॅनर जोडून फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंजेक्टरचं पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, बघा. निरोगी गाडीत हा आकडा साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत राहतो. तुमच्याकडे तो उणे १५-२० दिसत असेल, तर इंजिन आयडलवर ठेवून तीच नळी परत बसवून ती कापड गुंडाळलेल्या पकडीनं दाबा. शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाचा ट्रिम) काही सेकंदांत शून्याकडे सरकला आणि थरथर थांबली, तर चोर सापडला. पी०१७२ (मिश्रण रिच) किंवा पी०४४१ (पर्जचा प्रवाह चुकीचा) असा बिघाडाचा कोड मिळाला, तर तोही याच दिशेला बोट दाखवतो.

व्हॉल्व्ह दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, बदला. मात्र त्याआधी काढलेला व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटून पाहा. काळी पूड पडली तर कॅनिस्टर फुटून कोळसा येतोय. अशा वेळी नुसता नवा व्हॉल्व्ह टाकला तर तोही लवकरच अडकेल. कॅनिस्टर बिघडण्याचं मोठं कारण म्हणजे ‘राउंड फिगर करा’. नोझलचा ऑटो-कट झाल्यावर वरून ओतलेलं पेट्रोल द्रवरूपात वाफेच्या नळीत शिरतं आणि कोळसा भिजवतं. कट झाला की थांबायचं, बिल कितीही विचित्र आकड्याचं होऊ दे.

दिवा घालवायला बॅटरीचं टर्मिनल काढू देऊ नका. कोडसोबत नोंदलेले त्या क्षणाचे आरपीएम, तापमान, ट्रिम हे सगळं पुसलं जातं आणि निदानाचा धागाच तुटतो.

प्रश्न : पावसाळ्यात पेट्रोल भरून चार-पाच किलोमीटर गेलो की गाडीला झटके बसू लागले. दिवा सारखा लुकलुकत होता. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : लुकलुकणारा दिवा दिसला की गाडी बाजूला घेऊन बंद करायची. सिलिंडर मिसफायर होतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग वितळतो. स्थिर दिव्यावर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं, लुकलुकणाऱ्यावर नाही.

भरल्यानंतर थोड्या अंतरात हे होणं म्हणजे पहिला संशय पाण्यावर. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडं पाणी मुरवून घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि टाकीतला पंप तळातूनच ओढतो. मेकॅनिककडून लाइनमधलं प्रेशर उतरवून काचेच्या बाटलीत नमुना काढून घ्या आणि अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर टाकी उतरवून रिकामी आणि साफ करायची, पंपाची जाळी पाहायची, प्लग तपासायचे. वरून चांगलं पेट्रोल ओतून भागवू नका, तळातला थर तसाच राहतो.

पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण ती चाचणी रॉकेल-डिझेलच्या भेसळीसाठी असते. पाण्यासाठी भूमिगत टाकीतली काठी वॉटर पेस्ट लावून तपासायला सांगा. बिल आणि नमुन्याची बाटली जपा. तेल कंपनीकडे तक्रार करताना याच दोन गोष्टी उपयोगी पडतात.

प्रश्न : पेट्रोल भरल्यावर दोन दिवसांनी दिवा लागला, कोड पी०४५७ (वाफेची गळती). गाडी उत्तम चालते. – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्याकडे मात्र झाकणच पाहा. तिथल्या गाड्यांना जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही कळते. चाचणी सहसा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर आणि टाकी काठोकाठ भरलेली नसताना होते, म्हणून दिवा उशिरा लागला. झाकणाच्या रबरी रिंगवर नखानं चाचपून भेग शोधा, नळीच्या तोंडाची कड पुसा आणि क्लिक होईपर्यंत आवळा. सलग तीन वेळा चाचणी पास झाली की दिवा आपोआप विझतो. त्याला काही दिवस लागतात. तरी राहिला तर गाडीच्या कंपनीचंच झाकण घ्या.