क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या विंडोज ७ ला ३४४० × १४४० रिझोल्यूशन मिळत नाही. त्यासाठी व्हीजीए बायोस (व्हर्च्युअल ग्राफिक्स कार्डाचं फर्मवेअर) स्वतः बिल्ड करता येतो का?

येतो, आणि वाटतं तेवढं अवघडही नाही. पण आधी तुमचं मशीन बायोसवर बूट होतंय की यूईएफआयवर, ते बघा. ओव्हीएमएफ, म्हणजे क्यूईएमयूसाठीचं यूईएफआय फर्मवेअर, वापरत असाल तर व्हीजीए बायोस बदलून काडीचाही फरक पडणार नाही. तिथे रिझोल्यूशनची यादी ओव्हीएमएफच्या स्वतःच्या व्हिडिओ ड्रायव्हरमध्ये असते. बायोसवर असाल तर विंडोजचा स्टँडर्ड व्हीजीए ड्रायव्हर व्हीबीई या ठरलेल्या इंटरफेसमार्फत बायोसलाच मोड (म्हणजे उपलब्ध रिझोल्यूशन) विचारतो आणि त्याने सांगितले तेवढेच दाखवतो.

ही यादी सीबायोस या क्यूईएमयूच्या नेहमीच्या बायोसच्या सोर्समध्ये ‘व्हीजीएएसआरसी’ फोल्डरमधल्या ‘बॉक्सव्हीजीए’ (bochsvga.c) या सी फाइलमध्ये आहे. गिटवरून सोर्स घ्या, ती फाइल उघडा आणि १९२० × १०८०, ३२ बिटची ओळ शोधा. तिची कॉपी खाली पेस्ट करून तीनच आकडे बदला: मोड क्रमांक, रुंदी, उंची. क्रमांक यादीत आधी नसलेलाच घ्या. तोच क्रमांक दोनदा आला तर शोध पहिल्या ओळीवरच थांबतो आणि तुमची ओळ कधीच वापरली जात नाही.

रुंदीला ८ ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. ३४४० ला जातो. बरेच जण लॅपटॉपची १३६६ × ७६८ घालतात आणि चित्र तिरकं का झालं म्हणून डोकं धरून बसतात. क्यूईएमयू रुंदी मुकाट्याने ८ च्या पटीत खाली आणतो, म्हणजे १३६० करतो. गेस्ट, म्हणजे आत चालणारं विंडोज, मात्र १३६६ धरूनच लिहीत राहतो. दर ओळीला ६ पिक्सेलचा फरक साठत जातो आणि अख्खा डेस्कटॉप कलंडल्यासारखा दिसतो. अशा वेळी १३६० किंवा १३६८ लिहा.

आता मेमरी, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. ३४४० × १४४० × ४ बाइट म्हणजे १,९८,१४,४०० बाइट, साधारण १८.९ एमबी. स्टँडर्ड व्हीजीए कार्डाला मुळात १६ एमबीच मिळते. मोड मेमरीत बसत नसेल तर बायोस सुरू होतानाच तो यादीतून काढून टाकतो. स्क्रीनवर एरर वगैरे काही येत नाही. तुम्हाला वाटतं बिल्डच चुकला. २५६० × १६०० मात्र १६ एमबीत जेमतेम मावतो.

बिल्डसाठी जीसीसी, मेक आणि पायथन लागतात. मेन्यूकॉन्फिगमध्ये (सीबायोसच्या बिल्ड सेटिंगच्या मेन्यूमध्ये) व्हीजीए रॉमखाली हार्डवेअर टाइप बॉक्स (Bochs) निवडा. पीसीआय व्हेंडर आयडी हेक्स १२३४ आणि डिव्हाइस आयडी हेक्स ११११ आहे ना, हे डोळ्यांनी खात्री करून घ्या. क्यूईएमयू स्वतःच्या रॉममधला (सोबत येणाऱ्या व्हीजीए बायोस फाइलमधला) आयडी दुरुस्त करून घेतो, तुम्ही दिलेल्या फाइलला हात लावत नाही. आणि आयडी जुळला नाही तर सीबायोस ती रॉम चालवतच नाही, स्क्रीन काळी राहते. मेक पूर्ण झालं की आउट फोल्डरमध्ये व्हीजीएबायोस ही बिन फाइल मिळेल.

मशीन सुरू करताना आधी ‘व्हीजीए नन’ हा पर्याय द्या, नाहीतर दोन कार्डं लागतात. मग व्हीजीए डिव्हाइस वेगळं जोडून त्याला रॉमफाइलचा पूर्ण पाथ आणि व्हीजीएमेम (ग्राफिक्स मेमरी) ३२ एमबी द्या. रॉम बदलल्यावर विंडोज नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही. क्यूईएमयूची प्रोसेस बंद करून पुन्हा सुरू करा.

तरीही मोड दिसला नाही तर हेक्स ४०२ पोर्टवर आयएसए डीबगकॉन (लॉग बाहेर काढणारं व्हर्च्युअल डिव्हाइस) जोडा आणि सीबायोसचा लॉग वाचा. यादीतून मोड काढल्याची नोंद तिथे क्रमांकासकट येते. तो क्रमांक तुमचाच असेल तर मेमरीचा आकडा पुन्हा तपासा.

गेस्ट लिनक्स असेल तर व्हीजीए बायोस बिल्ड करायची गरज नाही. व्हीजीए डिव्हाइसला पुरेशी व्हीजीएमेम आणि एक्सरेस (रुंदी), वायरेस (उंची) दिले की ईडीआयडीमधून, म्हणजे मॉनिटर स्वतःबद्दल कळवतो त्या माहितीतून, काम होतं.