‘ऑफिसच्या कामालाही होईल’ म्हणून घेतलेला मॉनिटर

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे, आयटीत नोकरी करतो, वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. महिन्याला ९५,००० रुपये हातात येतात. भाडं, घरखर्च आणि फोनचा हप्ता मिळून ५५,००० जातात, एसआयपी १५,००० ची आहे. एफडीत १,४०,००० आहेत. एक ३४ इंची अल्ट्रावाइड ओलेड मॉनिटर ८९,९९० ला मिळतोय, नो-कॉस्ट ईएमआयवर बारा महिने ७,४९९. चार दिवस घरून काम असतं, त्यामुळे ऑफिसच्या कामालाही होईल आणि रात्री गेमिंगलाही. पीसीत आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. बायको म्हणते, एवढ्या पैशात मोठा टीव्ही येईल. शिवाय तोच मॉनिटर एका दुकानात ओपन-बॉक्स, म्हणजे आधी खोका उघडलेला, ७२,००० ला आहे. काय करू?

उत्तर : हप्ता तुम्हाला झेपतो, हे आधीच सांगून टाकतो. सगळं जाऊन २५,००० उरतात, त्यातले साडेसात हजार गेले म्हणून काही अडणार नाही. मी अडलो ते ‘ऑफिसच्या कामालाही होईल’ या वाक्यापाशी. मोठी खरेदी स्वतःच्या आणि घरच्यांच्या गळी उतरवायला हे वाक्य फार उपयोगी पडतं. बऱ्याच वस्तूंच्या बाबतीत ते खरंही असतं. ओलेडच्या बाबतीत मात्र त्याने वस्तू स्वस्त पडत नाही, महागच पडते.

ओलेडमध्ये मागून प्रकाश टाकणारा दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. म्हणून तर काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि गेममधली अंधारी गुहा अंगावर येते. पण हे पिक्सेल वापराने झिजतात. जो जास्त वेळ आणि जास्त उजळ जळेल, तो आधी मंदावेल. गेम किंवा सिनेमात चित्र सतत बदलत असल्याने झीज सगळीकडे साधारण सारखी होते. आता तुमचा कामाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. खाली टास्कबार, वर एक्सेलची पट्टी, डावीकडे कोड एडिटरमधली फाइलींची यादी, आणि यातलं काहीही सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत जागचं हलत नाही. त्याचीच सावली पुढे पडद्यावर कायमची उरते, ज्याला बर्न-इन म्हणतात.

चार दिवस रोज आठ तास, वर्षातले ४८ आठवडे धरले, तर कामाचे १,५३६ तास होतात. गेमिंग आठवड्याला दहा तास धरलं तरी वर्षाचे ५२०. म्हणजे पडद्याचा तीन चतुर्थांश वापर त्याला सर्वांत न मानवणाऱ्या कामासाठी होणार. कंपन्या यावर उपाय करतात. चित्र अधूनमधून एखाद-दोन पिक्सेल सरकवतात, काही तासांच्या वापरानंतर पडदा स्टँडबायमध्ये गेला की आपोआप डागडुजी करून घेतात. पण त्यासाठी मॉनिटरला वीज मिळत राहायला हवी. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्याकडची शिस्त इथे उलटी पडते.

मजकुराचाही प्रश्न आहे. या आकाराच्या बऱ्याच क्यूडी-ओलेड (ओलेडचाच एक प्रकार) पडद्यांत लाल, हिरवा, निळा हे उपपिक्सेल त्रिकोणात मांडलेले असतात, तर विंडोजची अक्षरं गुळगुळीत करण्याची पद्धत सरळ रांगेतल्या मांडणीसाठी बेतलेली आहे. त्यामुळे पांढऱ्या पानावर काळं अक्षर बारकाईने पाहिलं, तर कडेला गुलाबी-हिरवी किनार दिसते. काहींना ती जाणवतच नाही, काहींना दिवसभर खुपते. टेबलामागे मोठी खिडकी असेल तर दुपारच्या उजेडात तोच गाजलेला काळा रंग जांभळट-करडा दिसतो. तेव्हा दुकानात गेम चालू असलेला डेमो पाहून भुलू नका. त्यांना एक्सेल उघडायला सांगा.

आता तुमच्या चिठ्ठीत नसलेला खर्च, म्हणजे ग्राफिक्स कार्ड. फुल एचडी पडद्यावर २०.७ लाख पिक्सेल असतात, ३४४० बाय १४४० च्या अल्ट्रावाइडवर ४९.५ लाख. कार्डावरचा भार जवळपास अडीचपट. आरटीएक्स ३०६० वर जुने आणि हलके गेम छान चालतील, पण नवे जड गेम चालवायचे तर सेटिंग उतरवावी लागेल. नव्वद हजारांचा पडदा घेऊन माणूस सेटिंग ‘लो’वर ठेवत नाही. तो सहा महिन्यांत कार्डाच्या किमती बघायला लागतो, आणि ते आणखी चाळीसेक हजार. म्हणजे निर्णय नव्वद हजारांचा नाही, सव्वा लाखाच्या पुढचा आहे.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल थोडक्यात. बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट किमतीत आधी दाखवली जाते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या क्रेडिट कार्डावर येतो. १६ टक्के दर धरला तर तुमच्या बाबतीत सुमारे १,३००, वर प्रोसेसिंग फी. रक्कम फार नाही. पण एखादं बिल चुकलं की क्रेडिट कार्डाचं खरं व्याज, वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास, सुरू होतं. त्यात तुमचा फोनचा हप्ता आधीच चालू आहे. एक संपायच्या आत दुसरा लावण्याची सवय मला हप्त्याच्या रकमेपेक्षा जास्त खटकते. आणि कामासाठी घेतोय म्हणून कर वाचेल असं मनात असेल, तर पगारदाराला अशी वेगळी वजावट नाही.

थांबण्यात तुमचं नुकसान काय? २०२२ मध्ये या प्रकारचा पहिला गाजलेला मॉनिटर, डेलचा एलियनवेअर, अमेरिकेत १,२९९ डॉलरला आला. २०२५ मध्ये त्याचाच सुधारित अवतार ७९९ डॉलरला. आपल्याकडेही २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. किमती पुढेही अशाच उतरतील अशी हमी मी देणार नाही, मेमरी चिपसारख्या गोष्टी कधीही भाव फिरवतात. पण ‘आत्ताच घे नाहीतर गेलं’ अशी ही वस्तू नाही.

तुमची खरी उणीव एफडीत दिसते. १,४०,००० म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांचा खर्च. आयटीत हल्ली नोकरी गेली तर दुसरी मिळायला किती वेळ लागतो, हे तुमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. सहा महिन्यांचे, म्हणजे ३,३०,००० हवेत.

म्हणून मी असं करेन. आधी कामासाठी साधा २७ इंची, क्यूएचडी (२५६० बाय १४४० पिक्सेलचा), आयपीएस (मागून दिवा असलेल्या नेहमीच्या एलसीडी प्रकारातला) मॉनिटर घ्या, वीसेक हजारांत चांगला मिळतो. रोख घ्या, या महिन्याच्या शिलकीतून. घरून काम करणाऱ्यांना कंपनी स्क्रीन किंवा भत्ता देते का, हे एचआरला विचारायला लाजू नका, अनेक कंपन्या देतात आणि लोक मागतच नाहीत. पुढच्या महिन्यापासून उरलेल्या २५ पैकी १५,००० एफडीत आणि १०,००० वेगळ्या आरडीत, निव्वळ गेमिंगच्या नावाने. दहा महिन्यांत एफडी तीन लाखांच्या जवळ जाईल आणि गेमिंगचा लाखभर वेगळा असेल. तोवर फोनचा हप्ताही बहुधा संपेल. एसआयपीला हात लावायचा नाही.

त्या लाखात ओलेड घ्या, खुशाल घ्या. तेव्हा ती छंदाची वस्तू असेल, वर्षाला दोन हजार तासांऐवजी पाचशे तास चालेल आणि कुणाला काही पटवून द्यावं लागणार नाही. हिशोबी माणूस म्हणेल, दोन मॉनिटर मिळून एक लाख दहा हजार झाले की! झाले. पण कामाचा पडदा सात-आठ वर्षं कुरकुर न करता चालेल, आणि महागडा पडदा एक्सेलच्या पट्टीपायी खराब होणार नाही. कदाचित दहा महिन्यांनी तुम्हाला वाटेल, आधी ग्राफिक्स कार्डच बदलू. तेही चालेल, २७ इंची क्यूएचडीवर नवं कार्ड उत्तम रंगेल.

वहिनींच्या टीव्हीबद्दल : त्यांचा मुद्दा रास्त आहे, टीव्ही घरातले सगळे बघतात. पण तोही या एफडीतून नको. दोघं मिळून ठरवा की आरडीचा लाख कशावर जाणार.

ओपन-बॉक्सचं म्हणाल तर १८,००० वाचतात हे खरं, पण ओलेडमध्ये आधी किती तास जळला हेच तर सगळं आहे. काही मॉनिटरांच्या मेनूत वापराचे तास किंवा डागडुजी किती वेळा झाली हे दिसतं, ते बघा. पूर्ण पडद्यावर सपाट करड्या रंगाचं चित्र लावा, काही सावली असेल तर तिथे उघडी पडते. वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेपासून आहे का आणि त्यात बर्न-इन लिहून दिलंय का, हे विचारा. बऱ्याच कंपन्या ओलेडवर तीन वर्षांची देतात, पण ती भारतातल्या त्याच मॉडेलला लागू आहे हे कागदावर दिसायला हवं. दुकानदार तोंडी ‘सगळं कव्हर होतं’ म्हणत असेल आणि बिलावर लिहायला का-कू करत असेल, तर ७२,००० लाही नको.