यकृतातली हायडॅटिड गाठ दुखत नसेल, तरी जिवावर बेतू शकते का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या यकृतात 7 सेंमीची हायडॅटिड गाठ सोनोग्राफीत अचानक सापडली, त्रास काहीच नाही, मग धोका कसला? मी डॉक्टर नाही, पण माझ्या मोठ्या भावाला हेच झालं होतं. त्याचीही गाठ दुखत नव्हती, म्हणून आम्ही दोन वर्षं रिपोर्ट कपाटात ठेवून दिला. ती चूक तुम्ही करू नका.

कुत्र्याच्या आतड्यातल्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली की ही गाठ होते. ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. खरा धोका ती फुटण्यात असतो. भाऊ जिन्यावरून पडला आणि बरगडीखाली मार लागला. काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, रक्तदाब कोसळला. गाठीतल्या पाण्यात कृमीची प्रथिनं असतात, ती एकदम पोटात सांडली की शरीर अशी भयंकर ॲलर्जी दाखवतं. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून तो वाचला. त्याच रात्री ऑपरेशन झालं. सांडलेल्या पाण्यात कृमीची असंख्य सूक्ष्म डोकी असतात आणि त्यांतून पोटात नव्या गाठी होऊ शकतात. म्हणून पुढे कित्येक महिने अल्बेंडाझोल हे कृमींवरचं औषध चालू राहिलं.

पण गाठ नेहमी अशी धडाक्यात फुटत नाही. जास्त वेळा ती हळूहळू पित्तनलिकेत उघडते. आतले पडदे आणि पिल्लू-गाठी (मोठ्या गाठीच्या आत झालेल्या छोट्या गाठी) नळीत अडकतात, पित्त तुंबतं, त्यात जंतू वाढतात आणि ते रक्तात पसरले तर जीव जाऊ शकतो. तेव्हा कावीळ, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं एकत्र दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. गाठीतच पू झाला तरी ताप आणि दुखणं असतंच. क्वचित गाठ वर छातीत फुटते, तेव्हा खोकल्यातून पिवळं, कडू पित्त येतं.

आता डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: गाठ कोणत्या टप्प्यातली आहे? सोनोग्राफीवरून 1 ते 5 असे टप्पे ठरवतात. 4 आणि 5 म्हणजे बहुधा निवलेली गाठ, तिच्यावर बऱ्याचदा फक्त लक्ष ठेवतात. आत नुसतं पाणी असेल, तर अल्बेंडाझोल सुरू करून सुईने पाणी काढतात, आत कृमी मारणारं औषध सोडतात आणि तेही परत ओढून घेतात. आत पिल्लू-गाठी असतील तर सहसा ऑपरेशनच. गाठीचा पित्तनलिकेशी संबंध असेल, तर मात्र ते औषध आत सोडत नाहीत, त्याने नलिकाच खराब होतात. साधी पाण्याची गाठ समजून कुणालाही तिच्यात सुई घालू देऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

अल्बेंडाझोल चालू असताना यकृताच्या आणि पांढऱ्या पेशींच्या रक्ततपासण्या चुकवू नका. गोळी तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घेतली की जास्त शोषली जाते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आईपासून घरात कुणाला हा आजार लागत नाही. तिचं ताट-पेला वेगळा करू नका.