फक्त टेपने मोजून शरीरात किती टक्के चरबी आहे हे कळतं का?

कळतं, पण अंदाजे. आकडा तीन-चार टक्के इकडेतिकडे असणार हे धरूनच चालायचं.

तुम्ही दिलेली मापं अशी: वय ३८, उंची १७० सेंमी, वजन ६८ किलो, बेंबीपाशी पोट ९० सेंमी, मान ३७ सेंमी. घरचा डिजिटल काटा २७ टक्के चरबी दाखवतो, नेटवरचा कॅल्क्युलेटर २२ म्हणतो, आणि यातलं खरं कुठलं हे तुम्हाला हवंय.

मान विचारणारा कॅल्क्युलेटर असेल तर तो बहुतेक अमेरिकन नौदलाचं सूत्र वापरतो. हॉजडन आणि बेकेट या दोघांनी १९८४ मध्ये सॅन दिएगोच्या नौदल आरोग्य संशोधन केंद्रात ते मांडलं. पुरुषांसाठी ते असं:

चरबी % = ४९५ ÷ [१.०३२४ − ०.१९०७७ × लॉग(पोट − मान) + ०.१५४५६ × लॉग(उंची)] − ४५०

मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की लॉगचं बटण सापडतं. ९० वजा ३७ म्हणजे ५३. कंसातलं उत्तर येतं १.०४८, आणि हीच खरी गंमत आहे. टेपवरून सूत्र आधी तुमच्या शरीराची घनता ताडतं. चरबीची घनता साधारण ०.९ आणि उरलेल्या शरीराची १.१ धरून विल्यम सिरी या शास्त्रज्ञाने घनतेवरून टक्के काढायची रीत दिली होती. ४९५ आणि ४५० तिथले. (हा सिरी पक्का गिर्यारोहक होता, १९५४ च्या मकालू मोहिमेचा नेता.) म्हणजे अंदाजावर अंदाज. उत्तर २२.२ टक्के.

आता तीच मापं दुसऱ्या सूत्रांत घालून बघा. २०१८ चं एक अगदी सोपं सूत्र आहे: ६४ वजा (२० × उंची ÷ पोट). त्यात तुम्ही २६.२ वर जाता. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) आणि वयावरून काढणारं १९९१ चं डॉयरेनबर्गचं सूत्र २०.८ सांगतं. माणूस तोच, आकडे तीन. म्हणून दशांशानंतरच्या आकड्यावर जीव टाकू नका.

काट्याचं म्हणाल तर तो तळपायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतो आणि किती अडथळा होतो त्यावरून गणित मांडतो. हा प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो, पोटाचा वरचा भाग त्याच्या वाटेत फारसा येतच नाही. शिवाय पाणी किती प्यायलात, घाम किती गेला यावरही आकडा हलतो. आपल्याकडे चरबी साठते ती नेमकी पोटावर, त्यामुळे या बाबतीत माझा टेपवर जास्त विश्वास आहे.

पण टेप नीट लावायला हवा, आणि बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. पँट ३४ ची आहे म्हणून कंबर ३४ इंच असं लोक बिनदिक्कत सांगतात. अहो, पँट पोटाच्या खाली बांधलेली असते! सकाळी काही खायच्या आधी, उभं राहून, शर्ट वर करून बेंबीच्या रेषेत टेप धरा. मागून तो खाली घसरतो, म्हणून आरशात बघा किंवा घरच्या कुणाला तरी धरायला सांगा. सहज श्वास सोडा आणि मग वाचा. पोट आत ओढायचं नाही, टेपही कातडीत रुतवायचा नाही. मान कंठमण्याच्या लगेच खाली मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. पोट ९० ऐवजी ९२ भरलं तर नौदलाचं सूत्र २२.२ वरून २३.६ वर जातं. एवढा फरक नुसत्या टेप धरण्याने पडतो.

वजन ६८ म्हणजे बीएमआय २३.५, 'तसा बारीकच आहे की' असं कुणीही म्हणेल. त्यावर जाऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! भारतीय शरीरात त्याच वजनाला चरबी जास्त असते, हे त्या फोटोइतकं ठसठशीत मला दुसरं कुणी दाखवलेलं नाही.

तुमच्या जागी मी टक्के बाजूला ठेवून पोटाचे सेंटिमीटरच वहीत लिहीन, महिन्यातून एकदा. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० सेंमी मानतात, तुम्ही बरोबर तिच्यावर आहात. पोट उंचीच्या निम्म्याच्या आत असावं असाही एक ठोकताळा आहे, त्या हिशेबाने ८५ च्या खाली यायला हवं. एकदा उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, ते कुठलंही सूत्र सांगणार नाही.

वहिनींचंही मोजायचंय असं लिहिलंत. बायकांसाठी नौदलाचं सूत्र वेगळं आहे: त्यात कंबर सर्वांत बारीक असेल तिथे मोजतात आणि नितंबांचा सर्वांत रुंद घेरही लागतो, त्यामुळे कॅल्क्युलेटरमध्ये 'स्त्री' निवडायला विसरू नका. सोप्या सूत्रात ६४ च्या जागी ७६ घाला. कंबरेची रेषा ८० सेंमी. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र यातलं काहीच लागू होत नाही.